दूरच्या नाक्याची दुरुस्ती

फायरवॉल हा शब्द आता कचेऱ्यांतून, पतपेढ्यांतून आणि इस्पितळांतून नित्य कानांवर पडतो. पण ती वस्तुतः काय चीज आहे ह्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. संगणक सांभाळणारा माणूस येऊन सांगतो, 'फायरवॉलची नवी आवृत्ती चढवायची आहे, तासभर काम बंद राहील.' व्यवस्थापक म्हणतात, 'आज नको, पुढल्या आठवड्यात पाहू.' आणि तो पुढला आठवडा कधी उगवत नाही. ह्या चालढकलीत बेफिकिरी आहे हे खरे. पण तिच्या पोटी एक भीतीही आहे आणि ती अगदीच निराधार नाही. त्या भीतीचे मूळ काय, तिच्यावर उपाय कोणते, आणि तिच्यापायी काम लांबणीवर टाकल्याने अधिक मोठे संकट कसे ओढवते, एवढे आम्हांस ह्या लेखात सांगावयाचे आहे.

इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून जी न जळणारी जाड भिंत बांधतात, तिचे हे मूळ नाव. संगणकांच्या जगाने ते उसने घेतले. परंतु संगणकाच्या फायरवॉलचे काम भिंतीपेक्षा नाक्याशी अधिक जुळते. शहरांच्या वेशींवरचे जकात नाके पुष्कळांस आठवत असतील; मुंबईचे नाके तर २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा उठले. येणारी मालमोटार थांबे, कारकून कागद पाही, आणि नियमात बसेल तर गाडी पुढे जाई. इंटरनेटवरून जाणारा मजकूरही असाच लहान लहान पाकिटांत विभागलेला असतो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि कोणत्या दारी जावयाचे त्या दाराचा क्रमांक असतो. सुरक्षित संकेतस्थळांचे दार ४४३, नावावरून पत्ता विचारण्याचे ५३, दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी आत शिरण्याचे २२, असे हे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. फायरवॉल प्रत्येक पाकीट पाहते, आपल्या नियमांची यादी वाचते, आणि पाकीट पुढे सोडते किंवा टाकून देते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो कामास येणार आहे. चांगली फायरवॉल केवळ नियमांची यादी बाळगीत नाही. चालू व्यवहारांची एक वहीही ठेवते. आतल्या माणसाने बाहेर काही मागितले की त्याची नोंद ह्या वहीत होते, आणि त्या मागणीचे उत्तर परत आले म्हणजे नियम पुन्हा वाचल्यावाचून ते आत सोडले जाते. म्हणजे नियमांची तपासणी होते ती व्यवहाराच्या आरंभी. एकदा वहीत नाव चढले की पुढची ये-जा त्या नावावर चालते.

आता 'मुक्तस्रोत' ह्या विशेषणाकडे वळू. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते ते मुक्तस्रोत. ही मुभा कागदोपत्री असणे किती महत्त्वाचे असते ह्याचे उत्तम उदाहरण फायरवॉलच्याच इतिहासात सापडते. ओपनबीएसडी ह्या प्रणालीत पूर्वी आयपीफिल्टर नावाची फायरवॉल होती. २००१ च्या मे महिन्यात असे उघडकीस आले की, तिच्या परवान्यान्वये बदललेली प्रत वाटण्याची मोकळीक नाही. ओपनबीएसडीच्या चालकांनी ती तत्काळ काढून टाकली. डॅनियल हार्टमायर ह्या स्विस तरुणाने लगोलग नवी फायरवॉल लिहावयास घेतली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती 'पीएफ' ह्या नावाने प्रणालीसोबत प्रसिद्धही झाली. दुसरीकडे मॅन्युएल कास्पर ह्यांनी २००३ साली 'मोनोवॉल' नावाची एक आटोपशीर फायरवॉल फ्रीबीएसडीच्या आधारे सिद्ध केली. तिची सारी मांडणी एकाच फाइलीत साठविलेली असे. २००४ साली तिच्यातून 'पीएफसेन्स' ही शाखा निघाली, आणि पुढे २०१५ साली पीएफसेन्समधून 'ओपीएनसेन्स'. त्याच वर्षी कास्पर ह्यांनी मोनोवॉलचे काम थांबविले आणि आपल्या वापरकर्त्यांस ओपीएनसेन्सकडे जाण्याचा सल्ला दिला. लिनक्सच्या घराण्यात 'आयपीटेबल्स' आणि तिच्या मागून २०१४ साली आलेली 'एनएफटेबल्स' ह्यांचा वापर आहे. तात्पर्य, एका माणसाने किंवा एका कंपनीने हात काढून घेतला म्हणून असे सॉफ्टवेअर मरत नाही. मात्र ते फुकट मिळते ह्याचा अर्थ ते आपोआप चालते असा नव्हे. परवान्याचे पैसे वाचतात. देखभालीची जबाबदारी वाचत नाही.

ह्या देखभालीचा मुख्य भाग म्हणजे नवी आवृत्ती वेळेवर चढविणे. ओपीएनसेन्सच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत निघतात; मधल्या काळात लहान दुरुस्त्या चालूच असतात. 'चालते आहे ते चालू द्यावे' असे म्हणणाऱ्यांनी २०१४ चा एप्रिल आठवावा. ओपनएसएसएल ह्या जगभर वापरात असलेल्या आज्ञावलीत एक छिद्र सापडले. त्यास 'हार्टब्लीड' असे नाव पडले. ते छिद्र २०१२ पासून, म्हणजे दोन वर्षे तेथेच होते आणि त्यातून यंत्राच्या स्मृतीतला गुप्त मजकूर बाहेर ओढून काढता येत होता. पीएफसेन्समध्येही हीच आज्ञावली होती. तिची सुधारलेली आवृत्ती त्याच महिन्यात निघाली. परंतु दुरुस्ती जाहीर होते तेव्हा ती सज्जनांइतकीच चोरांनाही कळते. छिद्र कोठे आहे ह्याचा नकाशाच जणू त्यांच्या हाती पडतो. त्या दिवसापासून ज्याने दुरुस्ती केली नाही तो अधिक असुरक्षित होतो. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली असताना १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने जगभर जो धुमाकूळ घातला, तो ज्यांनी दोन महिने ती लावली नव्हती त्यांच्या संगणकांवर. ब्रिटनच्या इस्पितळांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आमची संस्था लहान, आमच्याकडे कोण येतो, हे समाधानही फोल आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली असे साधन तयार केले की, जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे सुमारे ४३० कोटी पत्ते पाऊण तासात ठोठावून पाहता येतात. दार ठोठावणारा घराचा आकार पाहत नाही.

मग लोक कचरतात का? कारण ही दुरुस्ती बहुधा दुरून करावयाची असते. समजा, एका पतपेढीची मुख्य कचेरी घाटावर आहे आणि एक शाखा घाटाखाली. शाखेतील फायरवॉल सांभाळणारा मनुष्य मुख्य कचेरीत बसतो आणि इंटरनेटच्या वाटेने तिच्यात शिरून काम करतो. म्हणजे ज्या नाक्याची दुरुस्ती करावयाची त्याच नाक्यातून त्यास आत जावे लागते. एखादा नियम चुकीच्या जागी पडला की नाका त्यालाच ओळखेनासा होतो. मग चूक सुधारण्याची वाटही त्या चुकीनेच बंद केलेली असते. फांदीवर बसून फांदी तोडणाऱ्याची गोष्ट लहानपणी सर्वांनीच ऐकलेली आहे. येथे ती नित्य खरी होण्याची धास्ती असते.

अशी चूक किती दूरवर घडू शकते ह्याचे एक उदाहरण मंगळावरचे आहे. अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले आणि सहा वर्षे उत्तम चालले. १९८२ च्या नोव्हेंबरात पृथ्वीवरून त्यास बॅटरीच्या भारणीची सुधारित आज्ञावली पाठविण्यात आली. हेतू चांगला होता, कारण बॅटरी थकत चालली होती. परंतु नवा मजकूर स्मृतीत लिहिला गेला तो नेमका त्या जागी, जेथे अँटेना पृथ्वीकडे कशी वळवावी ह्याची माहिती होती. यानाने मान फिरविली आणि ते कायमचे मुके झाले. पुढे कित्येक महिने हाका मारूनही उत्तर आले नाही. ज्या वाटेने आज्ञा गेली तीच वाट त्या आज्ञेने पुसली.

कॅनडातील रॉजर्स ह्या दूरसंचार कंपनीत ८ जुलै २०२२ रोजी जे घडले ते आपल्या विषयाच्या अधिकच जवळचे आहे. मूळ जाळ्याच्या टप्प्याटप्प्याने चाललेल्या सुधारणेत एका यंत्रावरील एक गाळणी-नियम काढण्यात आला. त्याबरोबर मार्गांच्या माहितीचा असा लोंढा सुटला की मध्यवर्ती यंत्रे कोलमडली. सुमारे १ कोटी २० लाख ग्राहकांची सेवा बंद पडली आणि ती सुरळीत होण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला. ह्या विलंबाचे एक कारण फार बोलके आहे. दुरुस्ती करणाऱ्यांची यंत्रांपर्यंत पोहोचण्याची वाट त्याच बंद पडलेल्या जाळ्यातून जात होती. आदल्या वर्षी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते हे पुष्कळांस स्मरत असेल. तेथेही देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, आणि अभियंत्यांस प्रत्यक्ष यंत्रशाळेत माणसे धाडावी लागली. पैशाची वा बुद्धीची उणीव असल्यामुळे हे झाले असे कोणी म्हणणार नाही. परतीची वाट वेगळी राखलेली नव्हती, हेच खरे कारण.

तेव्हा दुरून दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला नियम असा की, बदल करण्याआधी परतीची वाट बांधावी. ह्याची एक सोपी युक्ती आहे. नवे नियम लागू करण्यापूर्वी यंत्रास सांगून ठेवावयाचे की, 'दहा मिनिटांत माझा होकार आला नाही तर जुने नियम पुन्हा लाव.' बदल यशस्वी झाला तर मनुष्य आत येऊन होकार देतो. वाट बंद झाली तर होकार पोहोचत नाही, आणि यंत्र मुदत संपताच आपणहून मागे येते. आयपीटेबल्ससोबत ह्या कामाची एक लहानशी आज्ञा मिळते. ती एरवी दहा सेकंद वाट पाहते. व्हायओएस ह्या मुक्तस्रोत प्रणालीत तर ही सोय मूळ रचनेतच आहे आणि तिची मुदत दहा मिनिटांची असते. जेथे अशी तयार सोय नाही तेथे जाणता मनुष्य दोन ओळींत ती स्वतः करून घेतो. नियम लागू करण्यापूर्वी ते नुसते तपासून पाहण्याची सोय पीएफमध्ये आहे, तीही वापरावी. मात्र ती व्याकरण तपासते, अर्थ नव्हे. स्वतःलाच बाहेर कोंडणारा नियम व्याकरणदृष्ट्या निर्दोष असू शकतो. शिवाय क्रमाचा घोळ आहेच. आयपीटेबल्समध्ये जो नियम आधी लागू पडेल त्याप्रमाणे निकाल लागतो. पीएफमध्ये, वेगळे सांगितले नसेल तर, शेवटी लागू पडलेला नियम प्रमाण. एकीची सवय असलेला मनुष्य दुसरीवर हात चालवू लागला की फसतो.

मघाशी ज्या वहीचा उल्लेख केला ती येथे चकवते. नवा नियम लावल्यावर मनुष्य पाहतो की आपले काम चालूच आहे, पडद्यावर अक्षरे उमटत आहेत. तो निर्धास्त होतो आणि होकार देऊन टाकतो. वास्तविक त्याचे काम चालू असते ते जुन्या नोंदीच्या बळावर. नव्या नियमाची परीक्षा झालेलीच नसते. तो बाहेर पडतो, पुन्हा आत येऊ पाहतो, तो दार बंद! म्हणून जाणते लोक जुनी जोडणी तशीच उघडी ठेवतात, दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन पाहतात, आणि मगच होकार देतात. नव्याने आत येता आले तरच दार उघडे आहे असे समजावे.

दुसरा नियम, आत जाण्याची एक वाट अशी असावी की जी फायरवॉलवर अवलंबून नाही. यंत्रास एक कन्सोलचे तोंड असते. त्यास तार जोडून जाळे बंद असतानाही काम करता येते. ही तार दुसऱ्या एखाद्या लहान यंत्रास जोडून त्यास मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारी स्वतंत्र जोडणी दिली म्हणजे आडवाट तयार झाली. हेही जमत नसेल तर शाखेतील एखाद्या कर्मचाऱ्यास आधी सांगून ठेवावे, तारांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि फोनवर तो सांगेल तसे करील अशी व्यवस्था ठेवावी. पीएफसेन्सच्या कन्सोलवर जो क्रमांकांचा तक्ता दिसतो त्यात अलीकडची जुनी मांडणी परत लावण्याचा पर्याय आहे. तो क्रमांक दाबण्यास अभियंता असावा लागत नाही. शिपायाने दाबला तरी चालतो. मात्र वेळ बेताने निवडावी. ३१ मार्चच्या संध्याकाळी, किंवा इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वेळी, हे काम काढू नये.

तिसरा नियम जुने जपून ठेवण्याचा. मोनोवॉलपासून चालत आलेली एकाच फाइलीत सर्व मांडणी ठेवण्याची पद्धत पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये कायम आहे. ती एक फाइल आधी उतरवून दुसऱ्या ठिकाणी ठेवली म्हणजे यंत्र जळाले तरी दुसऱ्या यंत्रावर तीच मांडणी उभी करता येते. फाइलीत किल्ल्या आणि गुप्त शब्द असतात, म्हणून ती कुलूपबंदच ठेवावी. झेडएफएस ही साठवणीची रचना जेथे आहे तेथे सबंध प्रणालीची जुनी प्रतिमा राखून, नवी बिघडली तर जुनीवरून यंत्र सुरू करता येते. ज्यांस ऐपत आहे त्यांनी दोन फायरवॉलींची जोडी ठेवावी. ओपनबीएसडीत २००४ साली आलेल्या 'कार्प' ह्या पद्धतीने दोन यंत्रे एकच पत्ता वाटून घेतात. एक पडले की दुसरे ताबा घेते. अशा जोडीत आधी राखीव यंत्र सुधारावे, काम त्याच्याकडे सोपवून पाहावे, आणि ते टिकले तरच पहिल्यास हात लावावा.

इतके करूनही बिघाड होतो. मग शोध घ्यावा तो वैद्याप्रमाणे, क्रमाने. वीज आहे काय, तारेचा दिवा लागतो काय, पत्ता मिळाला आहे काय, बाहेरची वाट दिसते काय, नावावरून पत्ता निघतो काय. आणि हे सर्व ठीक असेल तर मग नियमांकडे वळावे. पुष्कळदा फायरवॉलवर ठेवलेला ठपका नावांच्या कोशाचा निघतो. पाकीट आतल्या तोंडाशी येताना दिसते आणि बाहेरच्या तोंडाशी दिसत नाही, एवढे पाहिले की दोष आपल्या नाक्यात आहे हे ठरते. दोन्हीकडे दिसले तर तो पलीकडे शोधावा. कधी लहान निरोप जातात आणि मोठे अडकतात. तेव्हा वाटेत कोठे तरी पाकिटाच्या आकाराची मर्यादा आड येत आहे असे समजावे. खासगी बोगद्याने, म्हणजे व्हीपीएनने, दोन कचेऱ्या जोडलेल्या असतात तेथे हे फार घडते. कधी यंत्राचे घड्याळच चुकलेले असते आणि त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र त्यास मुदतबाह्य वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली गोष्ट कागदावर लिहावी. घाईत पाच गोष्टी बदलणाऱ्यास सहाव्याने दोष गेला तरी तो कोणता होता हे कळत नाही.

सोयीच्या मोहातून एक अनर्थ मात्र होतो, त्याविषयी बजावलेच पाहिजे. दुरून काम सोपे व्हावे म्हणून काही लोक फायरवॉलचे व्यवस्थापनाचे पान साऱ्या जगाला उघडे ठेवतात. नाक्याच्या तिजोरीची खिडकी रस्त्याकडे काढण्यासारखेच हे आहे. आधी व्हीपीएनने आत यावे आणि मग आतून ते पान उघडावे. तसेच यंत्राची रोजनिशी त्या यंत्रातच न ठेवता दुसरीकडे पाठवीत जावे. नाही तर नवी आवृत्ती चढविताना किंवा चोरी झाल्यावर नेमकी तीच नाहीशी व्हावयाची. केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशान्वये अशा नोंदी १८० दिवस राखणे आणि ठरावीक प्रकारचे हल्ले सहा तासांच्या आत कळविणे आवश्यक केले आहे.

हे सारे तंत्रज्ञांचे काम. सामान्य सभासदाने त्यात काय करावे? त्याने चार प्रश्न विचारावेत. आपल्या फायरवॉलची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस झाली? ती करताना वाट बंद झाली तर परत येण्याचा उपाय काय ठेवला होता? मांडणीची प्रत कोठे आहे, आणि ती लावून कोणी कधी पाहिली आहे काय? हे सर्व जाणणारा मनुष्य एकच असेल तर त्याच्या रजेच्या दिवशी कोण? वार्षिक सभेत नफ्याच्या आकड्यांवर आपण तासन् तास बोलतो. त्यातील पाच मिनिटे ह्या प्रश्नांस दिली तर दुरुस्ती करणाऱ्यास तयारीसाठी लागणारा वेळ आणि थोडासा खर्च मागणे सोपे जाईल. आज तो वेळ त्यास कोणी देत नाही. म्हणून तो भितो, आणि भितो म्हणून दुरुस्ती राहून जाते. परतीची वाट बांधून दिली की भिण्याचे कारण उरत नाही. मग पुढल्या आठवड्याची वाट पाहण्याचेही नाही.